म्हशीची सोयरीक

"थे म्हशीचं सांग ना व," सीता म्हणाली.

"कितीदा सांगू? तुले पाठ आहे थे."

"पाठ आहे म्हूनच सांग. नवीन गोष्ट असली का कुठी हसावं थेच समजत नाई मले."

मोहाखाली वाकलेल्या बायांमध्ये खसखस पिकली. नुकतंच उजाडलं होतं. रात्रभर गळलेल्या फुलांचा पिवळा सडा पडला होता आणि त्याचा गोड, जड वास नाकात बसला होता. बायनाबाईनं कमरेवर हात टेकून पाठ सरळ केली. पन्नाशी उलटल्यापासून वाकलं की गुडघे कुरकुरत आणि उठलं की कंबर. त्यात पहाटेपासून तिचं तोंड सुरूच होतं. खरं तर तिला गप्प बसावंसं वाटत होतं. पण ते जमण्यासारखं नव्हतं.

बोडीटोल्याच्या बाया तिच्याशिवाय जंगलात येत नसत. दोन उन्हाळ्यांपासून या भागात वाघाचा वावर वाढला होता. वनरक्षक गावात येऊन सांगून गेला होता, एकट्यानं जाऊ नका, चूप राहू नका, वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतो. मग बाया बोलत राहू लागल्या. पण बोलून बोलून काय बोलणार? घरचं रडगाणं काढलं की आवाज आपोआप बारीक होतो. भांडण काढलं तर माणसं पांगतात. हसू मात्र मोठ्यानं निघतं आणि हसणारी माणसं एकमेकांजवळ येऊन उभी राहतात. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. बायनाबाईच्या तोंडाला मुळात थोडं मीठ होतं, त्याचं हळूहळू कामच होऊन बसलं. झाडं वाटून घेताना बाया आधी तिचं झाड ठरवत, मग तिच्या आजूबाजूची.

"सांग व," सुकरी आणि रीताही म्हणाल्या.

"बरं," बायनाबाई पुन्हा वाकली आणि वेचता वेचता सांगू लागली. "आमचे हे आन् सीताचा वारलू, दोघं गेले माह्या दिरासाठी पोरगी पाहाले. धानोऱ्याच्या तिकडं. गाव बरोबर, आडनाव बरोबर, घर चुकलं. त्या घरचा म्हातारा म्हैस विकाले काढून बसला होता. त्याले वाटलं, हे म्हशीचे गिऱ्हाईक आले. यायले वाटलं, हा पोरीचा बाप."

सीता हसायला लागली. तिचं तसंच होतं. गोष्ट पुढे असायची आणि हसू तिच्याही पुढे.

"म्हाताऱ्यानं चहा देल्ला. मंग म्हणते, 'हे पाहा भाऊ, रंगानं काळी आहे, मी लपवून ठेवणार नाई.' आमचे हे म्हणते, 'रंगाचं काई नाई, गुण पाहा लागते.' म्हातारा म्हणते, 'गुणानं गरीब आहे. पण अनोळखी माणूस जवळ गेला तं लाथ मारते.' आमचे हे म्हणते, 'मारू द्या, आमच्या घरीबी सवय आहे.'"

रीता हसून मटकन खालीच बसली.

"म्हातारा म्हणते, 'एकच खोड आहे. सकाळी उठली का बोडीच्या पाण्यात जाऊन बसते. चारदा हाक मारल्याबिगर निघत नाई.'"

बायनाबाईनं मान वळवून मागे पाहिलं. सीतानं पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. "थांब व," ती कशीबशी म्हणाली, "मी थ्या झाडाखालचं वेचून घेते. सांगत राय, ऐकू येते मले." टोपली उचलून ती पलीकडच्या मोहाकडे गेली. फार लांब नव्हता तो. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असावा, एवढाच.

बायनाबाईनं आवाज चढवला. "मंग म्हातारा आत गेला आन् दोर घेऊन बाहेर आला. म्हणते, 'पसंत असन तं आत्ताच घेऊन जा.' आमचे हे उठून उभेच राह्यले. म्हणते, 'असी कसी नेऊ मामाजी? आधी लग्न तं लावा.'"

सुकरी हसली, रीता हसली. बायनाबाई वाट पाहत राहिली. या जागी सीताचं हसू यायचं, उचकी लागल्यासारखं, थांबत थांबत, आणि ते संपल्याशिवाय बायनाबाई पुढचं काही सुरू करत नसे. ते आलं नाही.

"काय व, आज हसली नाईस?"

तिनं वळून पाहिलं. मोहाखाली टोपली सरळ उभी होती. अर्धी भरलेली. जवळ एक चप्पल होती. झाडामागचं वाळकं गवत एका रेषेत आडवं झालं होतं.

*

सीता दुपारी सापडली. गावातले पुरुष, वनखात्याची माणसं, सगळे गेले होते. बायनाबाईला कुणी जवळ जाऊ दिलं नाही आणि तिनंही हट्ट धरला नाही.

तेरवीच्या दिवशी ती वारलूच्या घरी भाकरी थापायला गेली. सीताची सासू ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. डोळ्यांनी अधू, पण कानानं तिखट. बायनाबाईचा आवाज ऐकून म्हातारीनं मान वर केली.

"बायना आहे काय थे?"

"हाव माय."

"थो वाघ देव आहे रानातला. त्याच्या घरात जाऊन खिदळता तुमी. तुह्या खिदळण्यानं माही सून गेली. आता इथी नको येऊ."

अंगणात पंगत बसलेली होती. वारलू द्रोण मांडत होता, त्यानं हातातले द्रोण खाली ठेवले आणि परसात निघून गेला. बायनाबाईनं पिठाचे हात धुतले आणि घरी आली.

म्हातारीचा तिला राग आला नाही. राग येण्याइतकं बळच अंगात उरलं नव्हतं. तिला वाटत राहिलं, म्हातारी म्हणते ते खरं असेल. मी आवाज चढवला नसता तर कदाचित पाचोळा वाजलेला ऐकू आला असता. मी माझ्याच गोष्टीत गुंग होते. मी पाठ करून उभी होते.

ती बोलेनाशी झाली. ठरवून नव्हे. सकाळी उठून तोंड उघडायला जावं आणि शब्द उचलायला जड वाटावेत, असं झालं. अंगण झाडणं, पाणी भरणं, भात टाकणं, सगळं चालू होतं. नवरा धनराज ताटावर बसला की ती वाढायची आणि भिंतीकडे पाहत राहायची. धनराज मूळचा बोलका माणूस नव्हता. तीस वर्षं त्याच्याही वाटणीचं तीच बोलत आली होती. आता त्याची पंचाईत झाली. एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "मले चार शिव्या तरी दे व. घर खायले उठते."

ती म्हणाली, "भाजी वाढू काय?"

तेंदूपत्त्याचा हंगाम आला. बाया गेल्या, पण दबकत, एकमेकींचे पदर धरून, आणि पानांचे पुडे पुरते बांधून व्हायच्या आतच परतल्या. सुकरी तिला विचारायला आली होती. बायनाबाईनं गुडघे दाखवले. सुकरीनं गुडघ्यांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि उठून गेली.

*

मिरगाच्या आधी, भर दुपारी, सीताची पोरगी दिव्यानी दारात येऊन उभी राहिली. ती गडचिरोलीला नर्सिंग शिकत होती. आई गेल्यापासून घरीच होती. वीस वर्षांची पोर, पण खांदे पडलेले, केसांना तेल नाही, हातांना चुलीची काजळी.

"मावशी, घरी चाला."

"तुही आजी..."

"आजीनं मना केलं थे माहीत आहे मले." ती उंबऱ्यावरच बसली. "बाबा जेवून नाई राह्यले. ताट ठेवलं का दोन घास खाते आन् सरकवून देते. धानाचे पऱ्हे टाकाची येळ आली, लोकायनं वावरातल्या बांध्या साफ केल्या, आमच्या बांधीत कोणी पाय ठेवला नाई. मी बोलली तं म्हणते, हाव. आजी बोलली तं म्हणते, हाव. मंग तसेच बसून रायते. मी थकली मावशी." ती रडत नव्हती. फक्त सांगत होती. "तुमी बोलून पाहा एकडाव."

"मी काय बोलू बाई? माह्याजवळ काई उरलं नाई आता."

"मंग नका बोलू. नुसतं येऊन बसा."

बायनाबाई उठली. धनराज खाटेवर पडला होता. तो न विचारताच उठला, सदरा अंगात घातला आणि तिच्या मागून निघाला.

वारलू ओसरीवर बसला होता. दाढी वाढलेली, गळ्याखालची हाडं वर आलेली. समोर झाकलेलं ताट होतं. आतल्या खोलीत अंधार होता आणि त्या अंधारात म्हातारी पडलेली होती, हे तिच्या खोकल्यावरून कळत होतं. धनराज जाऊन वारलूच्या शेजारी बसला. बायनाबाई खाली भिंतीशी टेकली. अंगणात कोंबडी पिलं घेऊन फिरत होती. दिव्यानीनं पाणी आणून दिलं, तिघं ते प्यायले.

खूप वेळानं वारलू म्हणाला, "वहिनी, एक इचारू काय?"

"इचारा."

"त्या दिवशी शेवटी थे हसली होती काय?"

हाच प्रश्न ती स्वतःला इतके दिवस विचारत होती. हो म्हटलं तर खोटं ठरलं असतं, नाही म्हटलं तर या माणसाचा उरलासुरला धीर गेला असता. ती म्हणाली, "शेवटी नाई ऐकू आलं भाऊ मले. मी खोटं नाई बोलणार. पण त्याच्या आधी मी मांगं पाह्यलं होतं. तवा हसून राह्यली होती. पदर तोंडात घातला होता."

"कायच्यावर?"

"थे तुमचं म्हशीचं."

"कोणत्या जागी?"

"बोडीत जाऊन बसते, तिथी."

वारलूनं मान हलवली, जणू त्याला ती जागा डोळ्यांसमोर दिसत होती. "मंग?"

"मंग काय? पुढचं तुमाले माहीत आहे."

"सांगा ना. तिनं काय ऐकलं असन थे तरी समजन."

बायनाबाईला ते नको होतं. ती गोष्ट पुन्हा कधी तोंडावर आणायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण समोरचा माणूस मागत होता आणि त्याला द्यायला दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं. ती सांगू लागली. आवाजात चढउतार नाही, हातवारे नाहीत, एखाद्यानं पंचनामा वाचून दाखवावा तसं. म्हातारा दोर घेऊन आला. म्हणाला, पसंत असेल तर आत्ताच न्या. हे उठून उभे राहिले. म्हणाले, अशी कशी नेऊ, आधी लग्न लावा.

"नाई," वारलू म्हणाला.

"काय नाई?"

"धनराज नाई म्हणला तसं." त्यानं शेजारी बसलेल्या मित्राकडे पाहिलं. धनराज अंगणातल्या कोंबडीकडे पाहत होता. "थो मी म्हणलो."

बायनाबाईला काही कळेना.

"धनराजले आधीच समजलं होतं," वारलू म्हणाला. "बोडीत बसते म्हणलं तवाच त्याले शंका आली. हा मले मांगून चिमटे काढून राह्यला होता. मले वाटलं, पोरगी पसंत आहे म्हून चिमटे काढते. म्हातारा दोर घेऊन आला तं मले वाटलं, यायच्याइथी काई रीत असन, नवरीले दोर बांधाची. मी उठलो आन् म्हणलो, आधी लग्न तं लावा. आन् एवढंच नाई. मी म्हणलो, मामाजी, आमी गरीब माणसं आहो, पण तिले गोठ्यात नाई ठेवणार. घरात ठेवू."

धनराजच्या नाकातून कसलासा आवाज निघाला. त्यानं तो दाबला.

"आन् म्हातारा काय म्हणला सांग," तो म्हणाला. या घरात आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता.

"म्हातारा म्हणला, 'घरात ठेवजा बापा, पण माजघरात शेण करन.'"

बायनाबाईनं तोंडावर हात ठेवला. हे तिनं कधीच ऐकलं नव्हतं. तीच गोष्ट ती इतकी वर्षं सांगत आली होती, लग्नात, धानाच्या रोवण्यात, जंगलात, आणि तिचा खरा शेवट तिला ठाऊकच नव्हता.

"मंग मले काऊन नाई सांगतलं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

धनराजनं मान खाजवली. "याचं तवा नवीन लगन झालं होतं. हा रस्त्यानं रडकुंडीले आला. म्हणे, सीताले समजलं तं जनमभर हसन. मी म्हणलो, माह्या नावावर घे. माही बायको तशीबी हसतेच मले."

वारलू खाली पाहत होता. "मी म्हणलो होतो, सांगीन कधीतरी. थे इतकी हसे धनराजभाऊले. मले म्हणे, तुमी होते तिथी, तुमी त्यायले थांबवलं काऊन नाई? मी म्हणो, थो ऐकते काय कोणाचं." त्याचा आवाज बसला. "एकडाव सांगून द्याले पायजे होतं. किती हसली असती."

आणि मग आतल्या अंधारातून एक आवाज आला. आधी सगळ्यांना वाटलं, म्हातारीला ढास लागली. दिव्यानी पाणी घेऊन धावली आणि दारातच थांबली. म्हातारी हसत होती. दात नसलेलं, धाप लागलेलं, पोटातून वर येणारं हसू.

"मले तवाच वाटलं होतं," म्हातारी आतून म्हणाली. "धनराज एवढा येडा नाई. मी सीताले म्हणलीबी होती, पोरी, हे माह्या पोराचं काम दिसते. पण थे म्हणे, नाई माय, माहा नवरा असा नाई."

वारलूचा चेहरा कसनुसा झाला. मग तो हसला. एकदाच, फुटल्यासारखा. दिव्यानी आजीच्या दारात उभी राहून पाहत होती, तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि तीही हसू लागली, आणि बायनाबाईनं पाहिलं, पोरीचं हसू उचकी लागल्यासारखं थांबत थांबत येत होतं. धनराज डोळे पुसत होता. आतलं हसू कधी रडणं झालं ते कुणालाच कळलं नाही. म्हातारी सुनेचं नाव घेऊन मोकळेपणानं रडत होती. सून गेल्यापासून म्हातारी रडली नव्हती, नुसती बोल लावत होती, हे बायनाबाईच्या आता लक्षात आलं. ती उठून आत गेली. म्हातारीनं हातानं चाचपून तिचा दंड धरला आणि सोडला नाही.

वारलूनं ताटावरचं झाकण काढलं. भात गार झाला होता. तो तसाच खाऊ लागला. मध्येच थांबून धनराजला म्हणाला, "उद्या नांगर घेऊन येशीन काय गा? पऱ्हे टाकाले उशीर झाला."

"येतो," धनराज म्हणाला.

*

एवढ्यानं सगळं काही पहिल्यासारखं झालं नाही. वारलू पुष्कळदा बोलता बोलता थांबे आणि दाराकडे पाहत राही. दिव्यानी दिवाळीनंतर गडचिरोलीला परत गेली, एक वर्ष वाया गेलंच. बायनाबाईला रोवण्याच्या दिवसांत, चिखलात मागे मागे सरकत धान लावताना, अचानक सगळं अंग सुन्न झाल्यासारखं व्हायचं आणि हातातला पऱ्हा तसाच राहायचा. बाजूच्या बाया तिची ओळ गुपचूप पुढे नेत. ती थोडंथोडं बोलू लागली होती. पूर्वी तोंडातून आपसूक निघायचं, आता प्रत्येक वाक्य विहिरीतून काढावं लागे.

पुढच्या वर्षी मोह पुन्हा गळू लागला. बायांनी जायचं की नाही यावर बरेच दिवस काथ्याकूट झाला. जंगल टाळून चालणार नव्हतं आणि जायची हिंमत होत नव्हती. सुकरी आणि रीता म्हातारीच्या ओसरीवर येऊन बसल्या. जिच्या घरचं माणूस गेलं, तिला विचारल्याशिवाय पाऊल उचलणं त्यांना बरं वाटेना.

म्हातारी म्हणाली, "जा. पण चूप नका जाऊ. वाकलेला माणूस आन् जनावर, लांबून सारखंच दिसते म्हणते. देवालेबी वळखू येत नसन. हसणं तेवढं माणसालेच येते, थे ऐकलं तं त्याले समजन, हे माणसं आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "बायनाले घेऊन जा."

बायनाबाई गेली. मोहाखाली पोहोचल्यावर तिनं टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "मी वेचणार नाई. मी उभी रायते. तुमी सगळ्या माह्या डोयासमोर राहा. कोणीबी मले इचारल्याबिगर दुसऱ्या झाडाखाली जाचं नाई."

कुणी वाद घातला नाही. ती मोहाच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिली आणि बोलू लागली. एकेका बाईवरून नजर फिरवत, रीता, सुकरी, पुन्हा रीता, मागचं गवत, पुन्हा सुकरी. बायांना हसू आलं की तिचे डोळे आणखी सावध होत. स्वतः ती हसत नव्हती. हसण्याच्या जागा बरोबर येत होत्या, आवाज लांबवर जात होता, पण उन्हं वर येईपर्यंत तिच्या पायांना मुंग्या आल्या आणि घसा सोलवटून निघाला.

परतायची वेळ झाली तेव्हा सुकरी आपली टोपली घेऊन आली आणि दोन ओंजळी बायनाबाईच्या रिकाम्या टोपलीत टाकून गेली. मग रीता आली. मग बाकीच्या आल्या. शेवटी टोपली सगळ्यांइतकीच भरली.

बायनाबाईनं पाण्याची बाटली तोंडाला लावली. ती पीत होती तेवढा वेळ जंगल एकदम गप्प झालं. टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बाया जागच्या जागी थबकल्या.

"थांबली काऊन, बाई?" रीता हळूच म्हणाली. "बोल ना."

तिनं बाटलीला झाकण लावलं, ओठ पुसले आणि सगळ्यांना पुढे घालून, आपण मागे राहून, बोलत बोलत चालू लागली.